बोट दाखवण्याचा इतिहास

मराठीत ‘बोट दाखवणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. अंगणात कडेवर घेतलेले मूल चांदोबाकडे बोट करते आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहते, हा एक अर्थ. काही बिनसले की दोष कुणाचा हे ठरवताना समाज कुणा एकाकडे बोट दाखवतो, हा दुसरा. स्वमग्नतेची शक्यता असलेली मुले अगदी लहानपणीच ओळखता यावीत म्हणून जी चाळणी परीक्षा विसाव्या शतकाच्या अखेरीस घडत गेली, तिचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आढळतात. मूल पहिल्या अर्थाने बोट दाखवत नाही, असे आया सांगत होत्या. आणि ते ऐकणारे शास्त्र जवळजवळ दोन दशके दुसऱ्या अर्थाने त्या आयांकडेच बोट दाखवत होते.

हा इतिहास सहसा वयाच्या उतरत्या आकड्यांत सांगितला जातो. आधी शाळेच्या वयात ओळख पटत असे, मग तिसऱ्या वर्षी, मग अठराव्या महिन्यात, आणि आता संशोधकांची दृष्टी सहा महिन्यांच्या बाळापर्यंत पोचली आहे. यात असत्य काही नाही. पण एवढेच सांगितले तर ती केवळ उपकरणांच्या प्रगतीची कथा होते. आमच्या मते तिच्या पोटात दुसरी एक कथा आहे, आणि ती साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळची वाटावी. बोलता न येणाऱ्या जिवाविषयी कुणीतरी बोलते. त्या बोलण्याला साक्ष मानायचे, तक्रार मानायचे की कबुलीजबाब? निवेदकावर विश्वास केव्हा ठेवायचा, हा आपल्या वर्गातला नेहमीचा प्रश्न येथे वैद्यकाच्या दालनात उभा राहिलेला दिसतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करायला हवी. चाळणी म्हणजे निदान नव्हे. धान्य चाळताना खडा आणि दाणा यांचा शेवटचा निवाडा चाळणी करत नाही; वर काय उरले ते हाताने निवडावे लागते. चाळणी परीक्षाही ‘या मुलाकडे अधिक लक्ष देऊन पाहा’ एवढेच सांगते. हा भेद पुढे अनेकदा उपयोगी पडेल.

एका पित्याचे पत्र

मुलांच्या वाढीची टिपणे ठेवणे हे एकेकाळी प्रतिष्ठित विद्वत्कार्य होते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे १८३९ साली जन्मलेल्या विल्यमच्या, बाळपणाची नोंदवही ठेवली होती. तिच्या आधारे लिहिलेला निबंध त्यांनी १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. राग, भीती, कुतूहल, हसू केव्हा प्रथम दिसले, याच्या त्या नोंदी आजही बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या दस्तऐवजांत गणल्या जातात. पित्याचे वात्सल्य त्या निरीक्षणांच्या आड आले असेल, अशी शंका कुणी फारशी घेतली नाही.

स्वमग्नतेच्या इतिहासाचे पहिले पानही एका पित्याने लिहिले आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावचे वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना आपल्या मुलाविषयी टंकलिखित तेहतीस पानांचे पत्र पाठवले. मुलगा डोनाल्ड तेव्हा पाच वर्षांचा होता. तो एकटा असला की सर्वांत सुखी असतो, आईबाप आले-गेले तरी त्याच्या ध्यानी येत नाही, वस्तू गरगर फिरवण्यात तो रमतो, स्वतःला ‘तू’ म्हणतो, असा तपशील एकामागून एक त्या पत्रातून आणि पुढच्या तपासणीतून समोर आला. पाच वर्षांनी, १९४३ साली, कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत सांगणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा डोनाल्ड हा त्यातला पहिला रुग्ण होता, आणि त्याच्या प्रकरणाचा मोठा भाग त्या पत्रावर उभा होता.

या निबंधात एक जागा अशी आहे की जिच्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक सर्व मातांना एक गोष्ट आठवत होती, असे कॅनर नोंदवतात. उचलून घेण्यासाठी आपण हात पुढे केले की बाळ अंग सावरून तयार होते. खांदे किंचित उचलते, चेहऱ्यावर अपेक्षा उमटते. यांच्या बाळांनी हे कधीच केले नव्हते, आणि त्याचे त्यांना त्याच वेळी नवल वाटले होते. लगेच पुढे कॅनर हे येल विद्यापीठातील आर्नोल्ड गेझेल यांच्या विकासक्रमाच्या निरीक्षणांशी ताडून पाहतात: सर्वसामान्य मूल चौथ्या महिन्याच्या सुमारास असा प्रतिसाद देऊ लागते. आईची आठवण एका बाजूला, विकासाचा तक्ता दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्या तुलनेतून निघणारे पहिल्या वर्षातले लक्षण. पुढे ज्याला लवकरची चाळणी म्हणू लागले तिचे सर्व घटक १९४३ च्या या एका परिच्छेदात हजर होते. मग प्रत्यक्ष चाळणी यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे का लागली?

किल्ला आणि वेढा

याचे एक कारण असे की मधल्या काळात साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. कॅनर यांच्या निबंधात दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. भावनिक संपर्काची ही असमर्थता जन्मजात असावी, असे ते शेवटी म्हणतात. पण त्याआधी या मुलांच्या आईबापांत खरोखर मायाळू अशी माणसे फार थोडी होती, असेही नोंदवून ठेवतात. १९४९ पर्यंत हा दुसरा सूर वरचढ झाला होता. ही मुले जणू बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटात नीटनेटकी ठेवलेली होती, अशा अर्थाची प्रतिमा त्यांनी त्या वर्षीच्या लेखात वापरली. उपमा शास्त्राची भाषा नसते असे आपण म्हणतो, परंतु एखादी उपमा शास्त्राच्या दोन दशकांचे वळण कसे ठरवू शकते याचे हे ठळक उदाहरण आहे. ‘शीतकपाटासारखी आई’ हे पुढे जणू निदानाचेच नाव झाले.

ब्रुनो बेटेलहाइम यांनी शिकागोतील आपल्या निवासी शाळेच्या अनुभवावर आधारलेला ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध केला. नाझी छळछावण्यांत ते स्वतः राहून आले होते, आणि तेथील कैद्याच्या कोशात जाण्याशी त्यांनी या मुलांच्या अलिप्ततेची तुलना केली. तुलना एकदा मान्य केली की छावणीच्या पहारेकऱ्याची जागा कुणाकडे जाते, हे सांगायला नको. अशा मांडणीत आईने सांगितलेले कोणतेही लक्षण तिच्यावरच उलटते. बाळ उचलून घेताना अंग सावरत नव्हते, असे ती म्हणाली तर त्याचा अर्थ ती उबेने उचलत नव्हती, असा लावता येतो. साक्ष देणे म्हणजेच गुन्हा कबूल करणे होते.

त्याच वर्षी, १९६७ सालीच, दुसरे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क या साहित्याच्या अध्यापक आणि एका स्वमग्न मुलीच्या आई. पुस्तकाचे नाव ‘द सीज’, म्हणजे वेढा. एकाला तटबंदीच्या आत पोकळी दिसते. दुसरी तटाबाहेर तळ देऊन बसते, कारण आत कुणीतरी आहे याविषयी तिला शंका नाही. एकाच वर्षी, एकाच रूपकाच्या दोन टोकांवरून झालेले हे लेखन तौलनिक अभ्यासाचा विषय व्हावे असे आहे. पार्कबाई मुलीच्या हालचाली बारकाईने टिपतात, आणि त्यांचे लक्ष एका अनुपस्थितीवर खिळते: मुलगी बोटाने काही दाखवत नाही. दाखवणे ही इतकी साधी कृती की तिचा विचार करावा असे एरवी कुणाच्या मनात येत नाही. पण त्या बाई तो करतात, आणि आपल्यापलीकडच्या जगाची जाणीव, त्या जगाशी नाते जोडण्याची इच्छा अशा अर्थापर्यंत येऊन पोचतात. यासाठी त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. बारकाईने वाचण्याची सवय मात्र होती.

आरोप मागे घेण्यात आईबापांचाच पुढाकार होता. मानसशास्त्रज्ञ आणि एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हे पुस्तक लिहून स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मज्जासंस्थेत आहे, अशी साधार मांडणी केली. पुस्तकाच्या शेवटी पालकांना मुलाच्या वागण्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची एक यादी जोडली होती. आईबाप ती भरून त्यांच्याकडे टपालाने पाठवू लागले. कित्येक वर्षे ज्यांना ‘तुम्ही काय केलेत’ एवढेच विचारले गेले होते, त्यांना ‘तुम्ही काय पाहिलेत’ असे विचारणारा हा कागद होता. पुढच्या वर्षी, १९६५ साली, अमेरिकेत अशा पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली; आणि १९६९ साली तिच्याच सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

मागण्याचे बोट, दाखवण्याचे बोट

पार्कबाईंनी घरात जे हेरले होते, त्याला सिद्धांताची चौकट मिळाली ती बालभाषेच्या अभ्यासातून. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकारी यांनी १९७५ साली शब्द येण्यापूर्वीच्या खुणांचा अभ्यास मांडला. त्यांनी बोटाचे दोन उपयोग वेगळे केले. फडताळावरचा खाऊ हवा म्हणून मूल बोट करते, ते मागण्याचे बोट. उडणारा पक्षी दिसला म्हणून बोट करते आणि समोरच्यानेही तो पाहिला ना, याची खात्री करून घेते, ते दाखवण्याचे बोट. दुसऱ्यात काही मिळवायचे नसते. आपण दोघांनी एकच गोष्ट पाहावी, एवढीच इच्छा असते. वाक्यरचना येण्याच्या कितीतरी आधी मूल येथे विधान करत असते. त्यानंतर फ्रँक कर्सिओ यांनी १९७८ साली आणि सायमन बॅरन-कोहेन यांनी १९८९ साली दाखवून दिले की स्वमग्न मुलांत नेमके हे दुसरे बोट आढळत नाही किंवा फार कमी आढळते. मागण्याचे बोट असू शकते.

या भेदावर पहिली चाळणी परीक्षा उभी राहिली. बॅरन-कोहेन, जेन अ‍ॅलन आणि क्रिस्तोफर गिलबर्ग यांनी १९९२ साली ब्रिटनमध्ये अठरा महिन्यांच्या मुलांसाठी ‘चॅट’ या आद्याक्षरी नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे दोन भाग होते: पालकांना नऊ प्रश्न, आणि घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरांनी स्वतः करून पाहायच्या पाच गोष्टी. दाखवण्याचे बोट, मोठ्यांच्या नजरेमागे नजर नेणे आणि खोटेखोटे खेळणे या तीन गोष्टी कळीच्या गोष्टींत मोडत होत्या. स्वमग्न भावंड असलेली ४१ मुले आणि सर्वसाधारण ५० मुले तिने तपासली. पहिल्या गटातील चार मुलांत कळीच्या गोष्टींपैकी दोन किंवा अधिक आढळल्या नाहीत. अडीच वर्षांच्या वयात त्या चौघांनाच स्वमग्नतेचे निदान झाले होते.

यानंतर आग्नेय इंग्लंडमध्ये १६,२३५ मुलांची अशीच चाळणी झाली. त्याचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तिन्ही गोष्टी सातत्याने न दिसलेली मुले केवळ १२ निघाली आणि त्यांपैकी १० स्वमग्न होती. चाळणीने ज्यांच्याकडे लक्ष वेधले त्यांच्याबाबत ती क्वचितच चुकली. पण जी मुले तिच्यातून खाली गेली त्यांचे काय? सहा वर्षांनी तीच मुले पुन्हा शोधली, तेव्हा त्या लोकसंख्येत ५० स्वमग्न मुले आढळली आणि अठराव्या महिन्यात चाळणीने त्यांपैकी १९ जणांनाच हेरले होते. शंभरात ३८. गिलियन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली हा आकडा प्रसिद्ध केला. ‘चाळणीतून पार झाले’ याचा अर्थ ‘काळजी नको’ असा होत नाही, हे त्यातून कायमचे स्पष्ट झाले.

वाढदिवसाच्या फिती

दरम्यान आईबापांच्या साक्षीला एक अनपेक्षित पुरावा मिळाला. १९८० नंतर अमेरिकेतल्या घराघरांत व्हिडिओ कॅमेरे आले होते, आणि मुलाचा पहिला वाढदिवस चित्रित झाला नाही असे घर विरळाच. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पुढे स्वमग्न ठरलेल्या ११ आणि इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या फिती मागवल्या. पाहणाऱ्यांना कोणते मूल कोणत्या गटातले, हे सांगितले नव्हते. चेहऱ्याकडे पाहणे, नाव घेतल्यावर वळणे, वस्तू दाखवणे आणि बोट करणे या चार गोष्टींवरून प्रत्येक गटातील ११ पैकी १० मुले अचूक ओळखता आली. हा अभ्यास १९९४ सालचा. निदान होण्याच्या कितीतरी आधी काढलेल्या त्या चित्रणात, केक आणि फुग्यांच्या गर्दीत, आया सांगत होत्या तेच दिसत होते.

काही पालक वेगळेच सांगत असत. मूल बोलू लागले होते, हसत होते, आणि मग हळूहळू ते मावळले, असे. ही आईची समजूत असावी, मुळातली उणीव तिच्या ध्यानी आली नसावी, असे पुष्कळ तज्ज्ञ मानत. एमिली वर्नर आणि डॉसन यांनी २००५ साली पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या फिती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा अशा मुलांत पहिल्या वर्षी असलेले शब्द आणि खुणा दुसऱ्या वर्षी खरोखरच नाहीशा झालेल्या आढळल्या.

याचा अर्थ आईची आठवण अचूकच असते असा मात्र नाही, आणि तसे म्हणणे साक्षीला न्याय देणारेही नव्हे. स्वमग्न भावंड असलेल्या बाळांचा जन्मापासून मागोवा घेणारे अभ्यास २००० नंतर सुरू झाले. त्यांपैकी सॅली ओझोनॉफ यांच्या २०१० सालच्या अभ्यासात असे दिसले की सहाव्या महिन्यात पुढे स्वमग्न ठरलेली बाळे इतरांसारखीच वागत होती. चेहऱ्याकडे पाहणे, सामाजिक हसू यांना त्यानंतर ओहोटी लागली. ही ओहोटी इतकी संथ होती की रोज सोबत असलेल्या बहुतेक पालकांनी काही हरवले असे सांगितलेच नाही. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ साली नेत्रगतीच्या यंत्रमापनातून दाखवले की डोळ्यांकडे पाहण्यातली ही घट दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यानच सुरू होऊ शकते. उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही. जवळून पाहणाऱ्याला तपशील दिसतो, पण उतार दिसेलच असे नाही. आत्मचरित्रे वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे. साक्षीला मर्यादा असतात म्हणून आपण साक्ष फेटाळत नाही. ती इतर पुराव्यांशेजारी ठेवून वाचतो.

रक्ताचा थेंब आणि आईचा शब्द

वैद्यकातली नवजातांची सुप्रसिद्ध चाळणी वेगळ्या जातीची आहे. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून फेनिलकीटोनमेह हा चयापचयाचा विकार ओळखण्याची पद्धत १९६३ साली प्रसिद्ध केली. थेंब कागदावर टिपायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. विकार आढळला तर आहार बदलायचा आणि मेंदूची हानी टाळायची. येथे कुणाला काही विचारावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली चाळणीची जी तत्त्वे लिहिली, त्यांत एक साधी अट होती: ओळख पटल्यावर करण्याजोगा उपचार हवा आणि तो देण्याची सोय हवी.

स्वमग्नतेला आजही असा रक्ताचा थेंब नाही. तिची चाळणी शब्दांची आहे, आणि शब्द बहुधा आईचे. ब्रिटनप्रमाणे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका अमेरिकेत नव्हत्या, म्हणून डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘चॅट’चे रूपांतर केले, तेव्हा प्रत्यक्ष पाहण्याचा भाग गळाला आणि केवळ पालकांनी उत्तरे द्यायचे २३ प्रश्न उरले. हीच ‘एम-चॅट’. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ साली अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची चाळणी करण्याची शिफारस केली, आणि अशा प्रश्नावल्या दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत पोचल्या.

बीमन ट्रिपलेट यांच्या तेहतीस पानांपासून ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन चौकटींपर्यंतचा हा प्रवास निव्वळ प्रगतीचा म्हणता येईल का? प्रश्नावलीमुळे पत्र लिहू न शकणाऱ्या आईचीही साक्ष नोंदली जाते, हा लाभ मोठा आहे. पण चौकटीत हकिकत मावत नाही. ‘कधी कधी करतो, पण फक्त आजीसमोर’ याला चौकट कोणती? याची जाणीव कर्त्यांनाही होती. २०१४ सालच्या सुधारित वीस प्रश्नांच्या आवृत्तीत ज्यांचे गुण मधल्या पट्ट्यात येतात, त्या पालकांशी दुसरी फेरी म्हणून संभाषण करायचे आणि प्रत्येक शंकास्थानी उदाहरण विचारायचे, अशी रीत आहे. या संभाषणामुळे चुकीच्या शंकांचे प्रमाण घटते. चौकटीतून बाहेर घालवलेले कथन असे मागल्या दाराने परत येते. घाईच्या दवाखान्यात नेमकी हीच पायरी गाळली जाते, ही यातली खरी अडचण.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने आपल्या जाळ्यातील २५,९९९ मुलांचा लेखाजोखा २०१९ साली मांडला. शंभरातील ९१ मुलांची चाळणी झाली होती. पण पुढे स्वमग्न ठरलेल्यांपैकी चाळणीत सापडली होती ती शंभरात सुमारे ३९. त्याआधी, २०१६ साली, प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या अमेरिकन कार्यदलाने म्हटले होते की पालकांनी वा डॉक्टरांनी कोणतीही शंका व्यक्त केलेली नाही अशा मुलांच्या चाळणीचे लाभ-तोटे तोलण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. या सावध वाक्याचा अर्थ काही ठिकाणी ‘चाळणी निरुपयोगी’ असा लावला गेला. वस्तुतः त्यात एक अपवाद स्पष्ट होता: ज्या मुलाविषयी पालकाला शंका आहे, त्याला ते वाक्य लागूच नव्हते. त्याची तपासणी व्हायलाच हवी.

पाळण्यातले नाव

भारतात तान्ह्यांच्या विकासाचे मोजमाप आले ते स्वमग्नतेच्या वाटेने नव्हे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बालकांच्या शारीरिक-मानसिक वाढीचा दीर्घ अभ्यास केला. त्याचा अहवाल १९७० चा. परदेशी मोजपट्टी भारतीय बाळांना जशीच्या तशी लावू नये, हा त्यामागचा विचार होता. एम. के. सी. नायर यांनी १९९१ साली तयार केलेल्या, सतरा टप्प्यांच्या त्रिवेंद्रम तक्त्याला याच बडोदा-मोजमापाचा आधार होता. मान धरणे, बसणे, चालणे यांवर त्याचा भर. सामाजिक हसूही त्यात आहे. स्वमग्नतेचे नाव कायद्यात प्रथम आले ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील तीस आजार-विकारांच्या यादीत स्वमग्नता आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना आहे.

अंगणवाडीच्या दारात मात्र भाषेचा प्रश्न उभा राहतो. ‘नाव घेतल्यावर मूल वळून पाहते का?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. पण आपल्याकडे कोणते नाव? पाळण्यातले एक, आजीने ठेवलेले दुसरे, आणि दिवसभर हाक येते ती ‘सोन्या’, ‘बाळा’, ‘ठमे’ अशी. कागदावरचे नाव उच्चारल्यावर वळून न पाहणाऱ्या मुलात कदाचित काहीच वावगे नसते. ब्रिटिश ‘चॅट’मध्ये मुलाला खेळण्यातली किटली देऊन खोटाखोटा चहा करायला सांगत, भातुकलीच्या घरात ते चालून जाईल, पण प्रत्येक खुणेला असा प्रतिशब्द आयता मिळेल असे नाही. अनुवाद म्हणजे शब्दांची अदलाबदल नव्हे, हे आपण अनुवादमीमांसेच्या तासाला शिकवतो. येथे चुकीच्या अनुवादाची किंमत एखाद्या मुलाची दोन-तीन वर्षे असू शकते.

आमच्या भाषेतील ‘स्वमग्नता’ हा शब्दही तपासून पाहावा असा आहे. मूळ संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांची, आणि ती त्यांनी वेगळ्याच विकाराच्या संदर्भात वापरली होती. तिच्यातील ‘स्व’ मराठीत आला आणि त्याला ‘मग्न’ जोडला गेला. मग्न हा आपल्याकडे गौरवाचा शब्द, ध्यानमग्न, चिंतनमग्न. त्यामुळे मूल आपखुशीने आत जाऊन बसले आहे, हाक मारली की येईल, अशी एक छटा त्यात उरते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे वडीलही असेच होते’ अशी घरगुती समजूत तिला बळ देते, आणि आईची शंका पहिल्यांदा घरातच मोडीत निघते. वस्तुतः आपल्याकडच्या कुटुंबांची नजर अधू नाही. टमारा डेली यांनी भारतीय शहरांतील ९५ कुटुंबांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात पालकांच्या ध्यानी मुलाचे लोकांशी न मिसळणेच ठळकपणे आलेले दिसते. माणसांत मूल कसे वागते हे पाहणाऱ्या समाजात हे स्वाभाविकच म्हणायला हवे.

ओळख पटल्यावर काय, या विल्सन-युंगनर यांच्या अटीकडे अखेर यावेच लागते. शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्ह्याच्या गावी, आणि आईची रोजची मजुरी बुडणार. अशा स्थितीत चाळणीचा कागद म्हणजे नुसती चिंता हातात देणे ठरू शकते. या दृष्टीने गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचा अनुभव मोलाचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांबरोबर झालेला हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती, आणि काम तज्ज्ञांनी नव्हे तर प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी केले. आई-मूल खेळताना चित्रित करायचे आणि ते चित्रण आईसोबत बसून पाहायचे, अशी पद्धत होती. मूल जे करते आहे त्याला जुळवून प्रतिसाद देणे पालकांत वाढले, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणेही वाढले. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला. निष्कर्ष असा संमिश्र असला, तरी ज्या फितीने एकदा आईची साक्ष खरी ठरवली, तीच येथे आईच्या हाती आली होती.

शेवटी एका साक्षीदाराचा उल्लेख राहतो, आणि तो या इतिहासात सर्वांत उशिरा आला. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली पालकांना उद्देशून सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. चाळणीच्या भाषेतील ‘धोका’ हा शब्द अनेक संशोधकांनी आता सोडून दिला आहे. ते ‘शक्यता’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुरुवातीची लक्षणे असलेल्या बाळांच्या पालकांना अशाच चित्रणाच्या साहाय्याने मार्गदर्शन केले गेले. तिसऱ्या वर्षी निदानाच्या निकषांत बसणारी मुले त्या गटात ४५ पैकी ३, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ४४ पैकी ९ होती. या आकड्यांचे स्वागत झाले, तसा प्रश्नही विचारला गेला: उद्दिष्ट मुलाला समजून घेण्याचे आहे, की त्याच्यासारखी माणसे कमी व्हावीत असे? मोठी झालेली स्वमग्न माणसे हा प्रश्न विचारतात, तेव्हा ज्यांच्याविषयी आजवर इतर बोलत आले तेच बोलू लागलेले असतात. चाळणीचे समर्थन करणाऱ्यांनी, आणि आम्ही त्यांच्यापैकी आहोत, त्याला उत्तर दिले पाहिजे. लवकर ओळख पटावी ती मुलाची खूण आईला लवकर वाचता यावी म्हणून; खूण पुसण्यासाठी नव्हे.

आपल्यापैकी कित्येकांचे विद्यार्थी उद्या अंगणवाडी पर्यवेक्षिका, आरोग्य विभागातील अनुवादक, प्राथमिक शिक्षक होतील. त्यांच्या हातात कधीतरी असा एखादा वीस प्रश्नांचा कागद येईल, आणि समोर बसलेली बाई ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी काहीतरी लांबण लावून सांगू लागेल. तेव्हा पेन खाली ठेवून ते ऐकावे, एवढे जरी त्यांनी या इतिहासातून घेतले तरी पुरे आहे.